कंपाउंडर, सुईण, नर्स : एका न लिहिलेल्या इतिहासाची टिपणे

आपल्याकडे वैद्यकाचा इतिहास म्हणजे डॉक्टरांचा इतिहास, असे समीकरण पक्के झालेले आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पदवीधर झाल्या, रखमाबाईंनी लंडनला शिक्षण घेऊन सुरत आणि राजकोट येथे काम केले, हे शाळकरी मुलालाही सांगितले जाते. ते सांगितले जावे याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु दवाखान्यात डॉक्टर एकटा कधीच नसतो. गल्लीतल्या साध्या घरगुती डॉक्टरचा दवाखाना घेतला तरी तेथे औषध कालवणारा कंपाउंडर असतो, जखम धुणारा ड्रेसर असतो, सुया उकळणारी आणि फरशी पुसणारी बाई असते, बाळंतपणाला बोलावली जाणारी सुईण असते. ही माणसे कोठून आली? कोणत्या जातीतून आली? ती त्या कामात कशी शिरली आणि तेथून पुढे कोठे गेली? या प्रश्नांची उत्तरे देणारे पुस्तक मी आजवर शोधतो आहे, ते मला मिळालेले नाही. म्हणून ही टिपणे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : आपल्या देशातील दवाखाना हा स्पर्शावर चालणारा धंदा आहे आणि आपला समाज हा स्पर्शबंदीवर चालणारा समाज आहे. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी डॉक्टर आणि रोगी यांच्यामध्ये एक माणूस उभा करावा लागला. त्या मधल्या माणसाची गरज होती, पण त्याला नाव द्यायचे नव्हते. दवाखान्यातील कर्मचाऱ्याचा इतिहास हा या मधल्या माणसाचा इतिहास आहे.

हे मी हवेत बोलत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिलेले आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाले होते. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावच्या नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला, पण वस्तीच्या बाहेरच तपासीन या अटीवर. दोन दिवसांच्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासह बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, मुसलमानाने तो नवऱ्याच्या हातात दिला, नवऱ्याने पत्नीला लावला आणि त्याच मार्गाने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहून न्यूमोनिया सांगितला. नाडी पाहिली नाही, छाती तपासली नाही. ती बाई मेली.

या प्रसंगाचा उल्लेख आपल्या सभांतून पुष्कळदा होतो आणि बोट अर्थातच त्या डॉक्टरकडे दाखवले जाते. मला मात्र त्या मधल्या मुसलमान माणसाचे कुतूहल वाटते. तो त्या दवाखान्याचा नोकर होता की रस्त्याने जाणारा कोणी होता, हे पत्रात नाही. पण त्या घटकेपुरता तोच त्या दवाखान्याचा कर्मचारी होता. वैद्यकशास्त्र आणि अस्पृश्य बाई यांच्यामध्ये त्याचा हात होता. त्याचा हात विटाळला तरी कोणाचे काही बिघडत नव्हते!

आता याच्या उलट बाजूचे एक चित्र त्याच्याही आधीचे आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून त्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आपण त्यांना शिक्षिका म्हणून वंदन करतो, कवयित्री म्हणून वाचतो. त्या दवाखान्यात त्या कोण होत्या, हे कधी कोणी विचारले आहे काय? डॉक्टर मुलगा होता. रोगी उचलून आणण्याचे, शुश्रूषेचे काम आईचे होते. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर ज्या कामाला आपण आया म्हणतो, वॉर्डबॉय म्हणतो, ते काम. ससाणे मळ्यात मध्ये कोणी तिसरा माणूस उभा नव्हता. महाराष्ट्रात असा दवाखाना होऊन गेला, हे पुरावा म्हणून समोर ठेवले पाहिजे. कारण ‘त्या काळी तसेच होते’ ही सबब मग टिकत नाही.

सुईणीचा प्रश्न सर्वांत जुना. महाराष्ट्रात बाळंतपणाचे काम मांग समाजातील स्त्रिया परंपरेने करीत आल्या आहेत. सवर्णांच्या वाड्यात एरवी जिची सावली चालत नसे तिचे हात बाळंतिणीच्या खोलीत चालत. नाळ तिने कापायची, वार तिने पुरायची, घाण तिने काढायची, आणि बाळंतीण न्हाऊन शुद्ध झाली की तिने पुन्हा बाहेर उभे राहायचे. तिच्या हातांतले ज्ञान हे ज्ञान म्हणून कधी मोजले गेले नाही. ते तिच्या जातीचे कर्तव्य मानले गेले. मग इंग्रजी वैद्यक आले. १८८५ साली डफरिन फंड स्थापन झाला, १९०३ साली लेडी कर्झनच्या पुढाकाराने सुईणींना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड निघाला. शिकवण्याचा हेतू चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. न उकळलेल्या हत्याराने नाळ कापली की धनुर्वात होतो आणि मूल जाते, हे सत्य जातीमुळे बदलत नाही. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या बाळंतपणांचे जे वर्णन केले आहे ते वाचल्यावर जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याची कोणाची हिंमत होऊ नये. पण त्या काळच्या सुधारकांच्या लिखाणात सुईण येते ती गलिच्छ, अडाणी, मूर्ख बाई म्हणून. तिला गलिच्छ काम कोणी दिले, तिला अडाणी कोणी ठेवले, याचा उच्चार तेथे नाही. रोगाचे मूळ शोधणारे शास्त्र येथे मात्र मूळ शोधीत नाही!

नर्सचा धंदा याच विटाळाच्या दारातून आपल्याकडे आला. परक्या माणसाचे मलमूत्र काढणे, परपुरुषाच्या अंगाला हात लावणे हे उच्चवर्णीय कुटुंबांना मान्य नव्हते. पुण्याच्या सेवासदनाने १९०९ नंतर विधवांना या कामाकडे वळवण्याचा प्रयत्न केला, तोही समाजाची बोलणी खाऊन. दुसरीकडे मिशनच्या इस्पितळांतून ख्रिस्ती झालेल्या घरांतील मुली नर्सिंग शिकू लागल्या. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ काढले. नगर, जालना या भागांत मिशनच्या आसऱ्याने महार-मांगांतून ख्रिस्ती झालेली जी घरे होती, त्यांतल्या मुलींना पांढरा गणवेश हा पहिला असा पोशाख मिळाला, की जो पाहून गावाने वाट सोडली ती विटाळासाठी नव्हे, मानासाठी. धर्मांतराने काय मिळाले असे आम्हांला विचारणाऱ्यांनी या मुलींच्या पगारपत्रकांचा इतिहास अवश्य अभ्यासावा. मात्र पुढे नर्सिंग ही सरकारी नोकरी झाली, १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला, शिक्षणाच्या अटी चढत गेल्या. हळूहळू इतर जातींच्या मुलीही या धंद्यात आल्या. हा धंदा प्रतिष्ठित झाला ही आनंदाची गोष्ट आहे. पण धंद्याला प्रतिष्ठा आली तेव्हा त्यातले झाडण्या-पुसण्याचे काम वेगळे काढून आया आणि सफाई कामगार यांच्या नावे करण्यात आले, आणि तेथे पुन्हा त्याच वस्त्यांतील बायका आल्या. विटाळ खाली सरकला, गेला नाही.

आता कंपाउंडर.

भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. ब्रिटिश हिंदुस्थानात डॉक्टर सुमारे ४७,५०० , नर्सेस ७,००० , सुईणी ५,००० , आणि शिक्षित फार्मासिस्ट अवघे ७५ , असे त्यात म्हटले आहे. पंचाहत्तर! चाळीस लाख माणसांमागे एक! मग सत्तेचाळीस हजार डॉक्टरांची औषधे कालवीत कोण होते? त्या काळी तयार गोळ्या थोड्या. क्षाराचे मिक्श्चर, कोयनेलचे मिक्श्चर, खोकल्याचे औषध, पोटदुखीची पुडी, सारे दवाखान्यातच तयार होई. रोगी घरून बाटली घेऊन येई. बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी डकवून मात्रा दाखवली जाई. हे सगळे करणारा कंपाउंडर. एखादा ग्रेन इकडचा तिकडे झाला तर माणूस दगावेल असे काम तो रोज शंभर वेळा करी आणि अहवालाच्या हिशेबात तो शिक्षित नव्हता.

१९४८ साली फार्मसी ॲक्ट झाला. त्यात पहिल्या नोंदणीसाठी एक न्याय्य तरतूद होती. कंपाउंडरची मान्य परीक्षा दिलेल्याला किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधे देणाऱ्या ठिकाणी ठरलेल्या तारखेपूर्वी एकूण पाच वर्षे औषधे कालवण्याचे काम केलेल्याला फार्मासिस्ट म्हणून नोंदवता येत असे. अनुभवालाच पदवी मानणारे हे कलम होते. आमच्या माणसांसाठी यापेक्षा मोठी संधी कोणती असू शकत होती? पण पाच वर्षांचा दाखला द्यायचा कोणी? ज्याच्याकडे काम केले त्या मालकाने! येथे सगळी मेख आहे.

माझे चुलते (आम्ही त्यांना तात्या म्हणत असू) नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एका खाजगी डॉक्टरकडे होते. डॉक्टरचे नाव मी देत नाही. तात्या चौदाव्या वर्षी झाडलोट करायला लागले. बाटल्या धुता धुता त्यांनी औषधांची नावे पाठ केली, मराठी चौथीपर्यंत शिकलेले असून इंग्रजी अक्षरे ओळखायला शिकले, आणि जुना कंपाउंडर सोडून गेला तेव्हा त्याचे काम अंगावर घेतले. आता अडचण अशी की मिक्श्चर पाण्यात होते. महाराच्या हातचे पाणी! औषधाला विटाळ नाही अशी सोय धर्माने केलेली आहे खरी, परंतु ती सोय औषध देणाऱ्याची जात दिसत नाही तोपर्यंतच चालते. डॉक्टरने तोड काढली. खोलीत लाकडी आडोसा उभा केला. तात्या आडोशामागे औषध कालवीत आणि खिडकीतून बाटली देण्याचे काम डॉक्टरचा एक दूरचा भाचा करी. सगळ्या गावाला हे ठाऊक होते आणि सगळे गाव ते औषध पीत होते. आडोशाचा उपयोग न दिसण्यापुरता नव्हता. आम्ही पाहिले नाही असे म्हणता यावे, यासाठी तो होता.

आमच्या वाड्यातले लोक औषधाला जात तेव्हा गंमत व्हायची. त्यांची बाटली भाचा हातात घेत नसे. मग आडोशामागून तात्याच बाहेर येत. म्हणजे आमच्या माणसांना औषध थेट कालवणाऱ्याच्या हातून मिळे आणि वर ‘किती दिवस खोकला आहे, घरात कोणाला आहे काय’ अशी दोन शब्दांची विचारपूसही होई. क्षयाचा संशय आला तर जिल्ह्याच्या इस्पितळात जा असे ते स्पष्ट सांगत. घरगुती डॉक्टर म्हणजे घराची माहिती असलेला डॉक्टर, अशी व्याख्या आज केली जाते. त्या व्याख्येने पाहिले तर महारवाड्याचा घरगुती डॉक्टर आडोशामागे होता.

१९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला. सार्वजनिक इस्पितळात व दवाखान्यात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरला. इतरांना ज्या ठिकाणी, ज्या अटींवर सेवा मिळते त्याच ठिकाणी, त्याच अटींवर ती अस्पृश्यालाही मिळाली पाहिजे असे त्याने बजावले. १९७६ मध्ये हाच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. रोग्याला निदान कागदावर तरी संरक्षण मिळाले. पण दवाखान्यात काम करणाऱ्याला आडोशामागे बसवले तर काय? त्याला कामावरून काढलेले नाही, पगार मिळतो आहे, कोणी शिवी दिलेली नाही. फिर्याद कशाची करायची?

तात्यांनी दाखला मागितला तेव्हा डॉक्टरने शांतपणे पगाराची वही काढून दाखवली. वहीत तात्यांच्या नावापुढे पहिल्या दिवसापासून ‘झाडूवाला’ असेच लिहिलेले होते. पगार वाढला होता, काम बदलले होते, शब्द तोच होता. खोटा दाखला कसा देऊ, असे डॉक्टर म्हणाला. आणि त्याच्या दृष्टीने तो खोटे बोलत नव्हता!

येथे कायद्याचा दुसरा भागही समजून घेतला पाहिजे. नोंदलेल्या फार्मासिस्टनेच औषधे द्यावीत असे फार्मसी ॲक्टने ठरवले. पण डॉक्टरने आपल्या स्वतःच्या रोग्यांना औषधे देण्याला त्यातून सूट दिली. खेडोपाडी दुसरी सोय नव्हती, त्यामुळे ही सूट आवश्यक होती. परंतु तिचा परिणाम असा झाला, की खाजगी दवाखान्यातल्या कंपाउंडरची नोंद करण्याचे कोणालाच कारण उरले नाही. कायद्याच्या लेखी औषध डॉक्टरच देत होता. आडोशामागचा माणूस कायद्याच्याही आडोशामागे गेला. इस्पितळातला कंपाउंडर फार्मासिस्ट झाला, त्याला वेतनश्रेणी मिळाली, निवृत्तिवेतन मिळाले. गल्लीतला कंपाउंडर कंपाउंडरच राहिला. काहींनी नाइलाजाने स्वतःचे दुकान मांडले आणि खेड्यात सुई टोचू लागले. त्यांना आज आपण बोगस डॉक्टर म्हणतो. बोगसगिरीचे समर्थन मी करणार नाही. एकाच सुईने दहा माणसांना टोचणारा कोणत्या जातीचा आहे याने काविळीला फरक पडत नाही. पण ज्याला नोंदणीचे दार बंद झाले तो मागच्या दाराने गेला, हा घटनाक्रम तरी नोंदवला जावा.

औषध देणाऱ्या हातावर संशय घेण्याची सवय आपल्यालाही आहे, हे येथे लिहिणे भाग आहे. मुंबईत डॉ. मालवणकर यांच्या दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करीत असत. बाबासाहेबांशी त्यांची ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाला. पुढची आठ वर्षे बाबासाहेबांचे इन्सुलिन, पथ्य, दुखणारे पाय, रात्रीची जागरणे या बाईने सांभाळली. ६ डिसेंबर १९५६ नंतर त्यांच्यावर कोणता आरोप झाला हे वाचकांना सांगायला नको. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचे स्पष्ट झाले तरी माईसाहेबांना चळवळीतून वर्षानुवर्षे दूर राहावे लागले. त्यांच्या राजकारणाबद्दल, स्वभावाबद्दल कोणाचे काहीही मत असो. पण शुश्रूषा करणाऱ्याचे काम यशस्वी झाले तर दिसत नाही आणि रोगी गेला तर तेवढेच दिसते, हा अन्याय केवळ सवर्णांनीच केला असे आपल्याला म्हणता येणार नाही.

१९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जो प्रयोग सुरू केला त्याचा विचार या संदर्भात करावा लागतो. शिकलेल्या नर्सेस खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांत दलित बायका होत्या. सवर्ण घरातल्या बाळंतिणीला तपासायला दलित सेविका चारचौघांसमोर उंबरठा ओलांडून आत गेली आणि मुले जगू लागली, तशी विटाळाची भाषा मागे पडली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्या प्रयोगात महत्त्वाचे वाटते ते हे, की तेथे मधल्या बाईला नाव मिळाले, शिक्षण मिळाले आणि डॉक्टरशेजारी बसायला जागा मिळाली.

शासनाने त्या कल्पनेचे पुढे काय केले? २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आली. गावातली हीच बाई. पण तिला कर्मचारी म्हणायचे नाही, स्वयंसेविका म्हणायचे. पगार म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे. कोरोनाच्या साथीत दारोदार फिरून रोगी शोधणाऱ्या या बायकांनी जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात संप केला, त्यांतली एक मुख्य मागणी कर्मचारी म्हणून मान्यता ही होती. पगाराच्या वहीतला ‘झाडूवाला’ हा शब्द आणि शासन निर्णयातला ‘स्वयंसेविका’ हा शब्द यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. पहिला जातीने दिला, दुसरा सरकारने दिला.

आणि विटाळ? ११ राज्यांतील ५६५ गावांची पाहणी करून २००६ साली ‘अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाहिलेल्या गावांपैकी सुमारे एक तृतीयांश गावांत सार्वजनिक आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जाण्याचे टाळतात, असे त्यात आढळले आहे. काठेवाडच्या त्या पत्रानंतर ही पाऊणशे वर्षे लोटलेली होती.

गोळ्यांची पाकिटे आली आणि मिक्श्चरचा जमाना संपला. तात्यांच्या डॉक्टरचा मुलगा एम.डी. होऊन आला, त्याने आडोसा काढून तेथे काचेचे कपाट बसवले. तात्यांना त्याने सांगितले की आता तुमचे काम उरलेले नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना एक धोतरजोडी आणि दोन महिन्यांचा पगार मिळाला. प्रॉव्हिडंट फंड नव्हता. नंतर ते आमच्या वाड्यातच बसत. पोरांना ताप आला की बाया त्यांच्याकडे येत, ते कपाळाला हात लावून बघत आणि डॉक्टरकडे जा म्हणत. सुई त्यांनी कधी हातात धरली नाही.

महाविद्यालयांतील जे प्राध्यापक आणि विद्यार्थी हे वाचतील त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या तालुक्यातील जुन्या दवाखान्यांच्या पगाराच्या वह्या अजून कोठे माळ्यावर पडलेल्या असतील, त्या मागा. सुईणींना विचारा की पहिले बाळंतपण कोणाच्या घरी केले आणि नंतर त्यांना कोठे बसवले. सत्तरीपुढच्या आया, ड्रेसर, निवृत्त नर्सेस यांच्याशी बोला. त्यांचे काम कधी बदलले आणि कागदावरचा शब्द कधी बदलला, या दोन्ही तारखा लिहून घ्या. नगर जिल्ह्यातील चार कंपाउंडरांशी मी बोललो होतो. त्यांपैकी तिघे आज हयात नाहीत. चौथ्यांना ऐकू येत नाही, पण लिहिलेला प्रश्न ते वाचतात.